तिसरी मावशी

मित्रांनो, खेचरवाला बरा झाला आणि स्वतःच्या पायांनी चालत निघून गेला.

आता हे वाक्य विसरून जा. असं काहीही घडलेलं नाही. खेचरवाला वॉर्डातच आहे. खिडकीजवळच्या खाटेवर बसून तो दाढी करतो आहे आणि दाढी झाली की मला हाक मारणार आहे. मी खाटेशेजारी तयार उभी आहे. ब्रेक लावलेला आहे. घाई कोणालाच नाही.

मी एक जुनी व्हीलचेअर आहे. एका लष्करी रुग्णालयात नोकरीला आहे. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात वॉर्डाचं नाव लिहिलेलं आहे. मी कुठे हरवले तर मला परत आणून सोडावं, असा त्यामागचा हेतू आहे. तशी मी फार लांब हरवू शकत नाही. मी फक्त डावीकडे हरवते.

त्याचं कारण माझ्या जन्मात आहे. माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कारखान्याच्या एका भागात बाबागाड्या बनत आणि दुसऱ्या भागात आम्ही. माणसाच्या आयुष्याची दोन्ही टोकं एकाच छपराखाली तयार होत होती. मधल्या काळात माणसाने आपलं आपण चालावं, अशी मालकांची समजूत असावी. मला जोडणारा कारागीर त्या दिवशी घाईत होता, कारण त्याच्या मेहुणीचं लग्न होतं. त्याने माझ्या पुढच्या डाव्या बाजूला जे छोटं चाक बसवलं, ते एका बाबागाडीचं होतं. तेव्हापासून मी उभी छान राहते, पण चालायला लागले की डावीकडे झुकते. कुठेतरी एक बाळ माझं चाक लावून फिरलं असेल आणि त्याला अगदी लहानपणापासून उगीचच म्हातारं झाल्यासारखं वाटत असेल. त्या बाळाबद्दल मला वाईट वाटतं. मेहुणीचा संसार सुखाचा झाला, असं मी धरून चालते.

सुरुवातीचे दिवस मानाचे होते. रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं तेव्हा एक मोठे सेनाधिकारी आले होते. फोटोसाठी ते माझ्यात बसले. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. माझ्या हातावर थाप मारून ते म्हणाले, "मजबूत आहे," आणि उठून चालू लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बसलेला माणूस उठून चालायला लागला की रुग्णालयात टाळ्या वाजतात, हे मी त्या दिवशी शिकले. त्या टाळ्या खुर्चीसाठी नसतात, हे शिकायला पुढची बरीच वर्षं लागली.

मग कामाची वर्षं आली. आमच्या कॉरिडॉरच्या टोकाला उजवीकडे एक्स-रेची खोली आहे आणि डावीकडे स्वयंपाकघर. कित्येक जवान एक्स-रे काढायला म्हणून निघाले आणि जेवून परत आले. त्यांची वजनं वाढली. हाडांचं काय झालं, ते कळलं नाही. हळूहळू सगळे मला नावं ठेवू लागले. कोणी वाकडी म्हणे, कोणी खटारा म्हणे. दुसरी खुर्ची मोकळी नसेल तरच मला बाहेर काढत. लोखंडाला वाईट वाटत नाही, असं शाळेच्या पुस्तकात असतं. पण ते पुस्तक लोखंडाने लिहिलेलं नसतं.

अशात खेचरवाला आला.

तो लष्करात खेचरं सांभाळत असे. डोंगरात जिथे रस्ता संपतो, तिथून वरच्या चौकीपर्यंत धान्य, रॉकेल आणि दारूगोळा खेचराच्या पाठीवर जातो. ते खेचर चालवत न्यायचं, हे त्याचं काम. एके दिवशी पायवाट खचली. खेचरवाला खाली गेला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हाडात सळई बसवली. तो वॉर्डात आला तेव्हा त्याच्या अंगात ताप होता आणि तोंडात एकच शब्द होता.

"मावशी! मावशी, चल ना गं. असा हट्ट नको करूस."

आता, आमच्या वॉर्डात झाडलोट करणाऱ्या, रुग्णांना भरवणाऱ्या, भांडं देणाऱ्या बाईंना सगळे मावशीच म्हणतात. त्या हातातला बोळा टाकून धावत आल्या.

"आले रे बाळा. काय हवं? भांडं देऊ?"

"मावशी, पाय उचल. नाल बघू दे."

मावशींनी आपल्या चपलांकडे बघितलं. "माझ्या पायाला काय झालंय?"

"आता तोंड उघड. दात बघू."

मावशींनी तोंड घट्ट मिटून घेतलं. त्यांची कवळी नवीन होती. शेजारच्या खाटेवरचा रेडिओवाला इतका हसला की त्याची खाट हलली. हा रेडिओवाला सैन्यात संदेश पाठवण्याचं काम करायचा. त्याचा जबडा मोडला होता आणि तारांनी बांधून ठेवला होता, त्यामुळे त्याला बोलता येत नसे. काही सांगायचं असलं की तो खाटेच्या नळीवर चमच्याने टकटक करी. तो फार विनोदी होता, असं म्हणतात. आमच्या वॉर्डात ती भाषा कोणालाच येत नव्हती.

काही दिवसांनी ताप उतरला आणि खेचरवाल्याची आई भेटायला आली. आमच्याकडे खुर्च्या कमी आहेत, म्हणून मावशींनी तिला माझ्यातच बसवलं. त्यामुळे पुढचं संभाषण मला सगळं ऐकू आलं.

"मला मावशीची फार काळजी वाटते, आई," खेचरवाला म्हणाला.

"कुठली मावशी? अरे, मी एकुलती एक. मला सख्खी बहीण नाही, चुलत नाही, मावस नाही. तुला मावशी कुठून आली?"

"ती माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही गं."

आईने पदर सावरला. तिचा आवाज बारीक झाला. "असं आहे होय. वय काय तिचं?"

"वीस तरी असेल."

"करते काय?"

"सरकारी नोकरीत आहे. माझ्याच तुकडीत. ओझी उचलते."

"बाई माणूस आणि ओझी उचलते?" आईने हातातली पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "कष्टाळू दिसते. स्वभाव?"

"लाथा मारते. पण मनात काही ठेवत नाही."

"आणि दिसायला?"

"तपकिरी आहे. कान तेवढे लांब आहेत."

आई माझ्यात ताठ बसली. मग तिने हातातली पिशवी त्याच्या चांगल्या पायावर आपटली. "मेल्या! खेचर आहे ते! मी इथे मनातल्या मनात साड्या काढायला लागले होते!"

रेडिओवाल्याने चमचा जोरजोरात वाजवला. ह्या वेळी तो काय म्हणाला, ते सगळ्यांना कळलं.

"पण खेचराला मावशी का म्हणतोस?" हसून झाल्यावर आईने विचारलं.

"खेचराची आई घोडी आणि बाप गाढव," तो म्हणाला. "घोडे त्याला घोड्यांत घेत नाहीत, गाढवं गाढवांत घेत नाहीत. म्हटलं, आपणच नात्यात घ्यावं."

मित्रांनो, हे ऐकून माझं डावं चाक जागच्या जागी थोडं फिरलं. मी ब्रेक लावलेल्या अवस्थेत होते.

मग त्याने आईला पडल्याची हकिगत सांगितली. पायवाट खचली तेव्हा दोराचं एक टोक मावशीच्या गळ्यात होतं आणि दुसरं त्याच्या मनगटाला. तो खाली लोंबकळत होता. दुसरं कोणतंही जनावर असतं तर बिथरून पळालं असतं किंवा त्याच्याबरोबर दरीत आलं असतं. मावशी खाली बसली. खेचर एकदा हट्टाने बसलं की उठत नाही. माणसं दोर घेऊन येईपर्यंत ती बसून राहिली, आणि त्याला वर काढल्यावरही उठेना.

"ती तिथे बसली, म्हणून मी इथे बसलोय," तो म्हणाला.

आईने डोळे पुसले. पण आई ती आईच. पुढच्याच वाक्याला तिने मूळ विषय काढला. "झालं ते झालं. आता घरी चल. दादाचं शिवणकामाचं दुकान आहे. बसल्या जागी काम. त्याला पाय लागतो कशाला?"

"शिलाई मशीनला पायच लागतो, आई."

"मग काज-बटणं कर! हवी तेवढी कारणं आहेत तुझ्याकडे. खरंच आहे म्हणा, माय मरो आणि मावशी जगो!" आणि ती तरातरा निघून गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. रुग्णालयाजवळच एका नातेवाइकाकडे ती मुक्कामाला उतरली होती आणि रोज रागावून जायला तिला ते सोयीचं पडत होतं.

खेचरवाल्याला खाटेवरून उठायची परवानगी मिळाली तेव्हा त्याच्या वाट्याला मी आले. चांगल्या खुर्च्या अधिकाऱ्यांच्या वॉर्डात गेल्या होत्या. मावशींनी त्याला आधीच सांगून ठेवलं, "ही वाकडी आहे हो. डावीकडे ओढते."

तो माझ्यात बसला. त्याने चाकं फिरवली. मी डावीकडे गेले आणि भिंतीला घासले. मी शिव्यांची वाट बघू लागले.

"भिंतीकडे ओढते होय?" तो म्हणाला. "मग चांगलं आहे. भिंतीकडे ओढणारं जनावर दरीकडे जात नाही."

त्याने उजवं चाक जरा सैल धरलं, डाव्याला हलकेच थोपटलं आणि जिभेने टक् असा आवाज केला. मित्रांनो, मी सरळ गेले. का, ते मला सांगता येणार नाही. कॉरिडॉरच्या टोकाला पोचल्यावर मी उजवीकडे वळले. एक्स-रेच्या खोलीतला माणूस आम्हाला बघून घाबरला, कारण त्या खुर्चीतून तिथवर कोणी येत नसे.

"शाबास, मावशी," खेचरवाला म्हणाला आणि माझ्या हातावर थाप मारली.

मला तोवर कोणी नात्यातलं काही म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही सगळीकडे बरोबर जाऊ लागलो. पट्टी बदलायला, बागेत, अंघोळीला. तो माझ्या चाकांत अडकलेले केस काढायचा. खालून वाकून बघत "खडा तर नाही ना रुतला?" असं विचारायचा. चढ आला की पुढे झुकायचा आणि उतार आला की मागे रेलायचा, म्हणजे मला ओझं वाटू नये. मला ओझं वाटत नव्हतं. तो खाटेवर असे तेव्हा मात्र मला फार हलकं वाटे, आणि ते चांगलं नव्हतं.

तो मावशी म्हणतो ते मलाच, असं मी काही काळ समजत होते. खोटं कशाला बोलू, पुढेही समजतच राहिले. पण बागेत गेलो की तो माझ्या हातावर हात ठेवून लांबवरच्या डोंगराकडे बघत बसे, आणि त्याचा हात मला नव्हे, दुसऱ्या कोणाला तरी थोपटतो आहे, हे मला पत्र्यातून कळत असे. मी खेचर कधी बघितलेलं नाही. तिला चार पाय आहेत, एवढं ऐकून होते. मला चार चाकं आहेत. मला वाटे, फरक तसा थोडाच आहे.

मग एके दिवशी त्याच्या तुकडीतला एक जवान दाढ काढायला रुग्णालयात आला आणि दाढ काढून झाल्यावर त्याला भेटायला वॉर्डात आला. त्याच्या तोंडात कापूस होता. त्यामुळे बातमी पुन्हा पुन्हा सांगावी लागली, आणि दर वेळी ती तेवढीच वाईट होती. मावशी कोणाचं ऐकत नाही. ओझं लादलं की खाली बसते. नवा माणूस चारा घेऊन गेला, तर तिने त्याच्याकडे पाठ फिरवली. बर्फ वितळला की नवी खेचरं येणार आहेत, तेव्हा तिला विकून टाकणार.

"कोणाला?" खेचरवाल्याने विचारलं.

"घेईल त्याला. काम न करणारं जनावर कोण कशासाठी घेतं, तुला माहीत आहे," असं तो कापसातून म्हणाला.

खेचरवाल्याने डोंगराकडे बघितलं. डोंगरावर बर्फ होता, पण पूर्वीपेक्षा कमी.

आता त्याला बर्फ वितळण्याआधी चालायचं होतं. आमच्याकडे नियम साधा आहे. मेडिकल बोर्ड म्हणजे तीन डॉक्टर आणि एक टेबल. जवानाने दारापासून टेबलापर्यंत काठीशिवाय, आधाराशिवाय चालत जायचं. पोचला तर फौजेत राहायचं. नाही पोचला तर घर आणि काज-बटणं.

व्यायाम शिकवणाऱ्या कॅप्टन मॅडम त्याला दोन लोखंडी दांड्यांच्या मध्ये उभं करत. "पायाकडे बघ," त्या सांगत. "टाच आधी. मग चवडा." तो पायाकडे बघे, टाच टाके, चवडा टाके आणि पडे. मग उठे, पायाकडे बघे आणि पडे. मी कोपऱ्यातून बघत असे. प्रत्येक वेळी त्याला उचलून माझ्यात बसवत. माझ्या मनात दोन इच्छा होत्या. तो चालावा, ही एक. तो बसावा, ही दुसरी. त्या दोघी एकमेकींशी बोलत नसत.

एके सकाळी त्या दांड्यांना रंग दिला होता. हिरवा, आणि ओला. मॅडम वैतागल्या. मग त्यांची नजर खेचरवाल्यावर गेली. तो रंगाऱ्याशी गप्पा मारता मारता, माझ्या हाताला धरून, बादलीला वळसा घालून दोन पावलं चालून गेला होता. त्याला ते कळलंसुद्धा नव्हतं. तो माझ्या पुढच्या बाजूला, हवेत कुठेतरी बघत होता.

"काय बघत होतास?" मॅडमनी विचारलं.

"कान, मॅडम."

"कोणाचे?"

तो ओशाळला. "खेचर नेताना त्याच्या कानांकडे बघायचं असतं. कान सांगतात पुढे काय आहे ते. आपल्या पायांकडे बघायचं नसतं. सवय आहे."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी जरा विचार केला. "तुला एकट्याला चालता येत नाही," त्या म्हणाल्या. "जनावर बरोबर असलं की येतं. ठीक आहे. जनावर घे. आजपासून पायाचं नाव काढायचं नाही."

मित्रांनो, खेचरवाले खेचराच्या डाव्या बाजूने चालतात. तो माझ्या डाव्या बाजूला उभा राहिला, उजवा हात माझ्या हातावर ठेवला, जिभेने टक् केलं आणि आम्ही निघालो. मी डावीकडे झुकते, हे तुम्हाला माहीत आहेच. आयुष्यभर मी भिंतीकडे झुकले, स्वयंपाकघराकडे झुकले, एकदा तर एका ब्रिगेडियरच्या पायावर झुकले. त्या दिवशी पहिल्यांदा मी ज्या बाजूला झुकत होते, त्या बाजूला कोणीतरी होतं. माझा भार त्याच्यावर आणि त्याचा माझ्यावर, असे आम्ही कॉरिडॉरभर गेलो. मावशींनी बोळा बाजूला घेतला. रेडिओवाल्याने खाटेच्या नळीवर बँड वाजवला.

मग रोज तेच. आमच्या धंद्यात प्रगती अशी दिसते: आधी तो माझ्यात बसत असे. मग तो माझ्यावर हात ठेवून चाले. मग फक्त बोटं. मग बोटंही नाहीत, मावशी मला ढकलत आणि तो नुसता शेजारी. त्याचं वजन माझ्यावरून असं थोडं थोडं उतरत गेलं, आणि मॅडम म्हणत, "छान चाललंय." छानच चाललं होतं. त्याचं.

बोर्डाचा दिवस आला. मला दाराबाहेर उभं केलं होतं आणि दार उघडं होतं. आई बाकावर बसली होती. तिने सकाळीच कपड्यांची पिशवी भरून ठेवली होती, दुकानात पाठवायचे काही निरोपही तयार ठेवले होते. खेचरवाला दारातून आत निघाला. उजवा हात बाजूला, मूठ वळलेली, नजर पुढे. तो टेबलापर्यंत गेला. थोडा लंगडला, पण गेला.

"हात असा का धरला आहे?" बोर्डाच्या मोठ्या साहेबांनी विचारलं.

"लगाम आहे, साहेब."

"कुठे आहे?"

"हातात, साहेब."

"आणि जनावर?"

त्याने मागे बोट केलं. "दारात उभं आहे, साहेब."

तिन्ही डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी शक्य तितकी सरळ उभी राहिले.

त्याला बाहेर थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने वॉर्डाच्या सिस्टर आतून हसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अभिनंदन! डिस्चार्ज मिळाला!"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाहेरच्या जगात डिस्चार्ज म्हणजे दवाखान्यातून सुटका. फौजेत डिस्चार्ज म्हणजे फौजेतून सुटका. गणवेश परत करा, घरी जा. लष्करी रुग्णालयात हे दोन्ही अर्थ एकाच कॉरिडॉरमध्ये राहतात आणि कोणता कधी बाहेर येईल, ते सांगता येत नाही.

आई उठून उभी राहिली. "सुटलास रे बाबा!" म्हणाली.

खेचरवाल्याची वळलेली मूठ सुटली. आणि तो धपकन बसला. माझ्यात.

मित्रांनो, त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात वाईट क्षण होता, याची मला पूर्ण कल्पना आहे. तो बसला आणि माझं कापड पूर्वीसारखं ताणलं गेलं. त्याचे हात माझ्या हातांवर होते. मी त्याला धरून होते. बाकी मी काही म्हणत नाही.

"आता तिला विकतील," तो म्हणाला. एवढंच.

आईने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हातातली पिशवी हळूच बाकाखाली सरकवली. सिस्टर गोंधळल्या. "अरे, असं काय करतोस? दवाखान्यातून डिस्चार्ज! फौजेतून नाही! तुला तळावरच्या तबेल्यात काम दिलंय. डोंगर चढायचा नाही, खालीच राहायचं."

"आणि मावशी?"

"मी इथेच आहे की," मावशी बोळा हातात घेऊन म्हणाल्या.

पण आई तोवर आत शिरली होती. बोर्डासमोर असं कोणी शिरत नाही. मोठे साहेब उभे राहिले.

"साहेब, वर डोंगरात एक खेचर आहे. ते विकू नका. खाली आणा, ह्याच्याजवळ."

"बाई, जनावरं आमच्या खात्यात येत नाहीत."

"नातेवाईक जवळ असला की जवान लवकर बरा होतो, असं तुम्हीच बाहेर भिंतीवर लावलंय ना?"

"लावलंय. मग?"

"ती माझी बहीण आहे."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. दारातून बाहेर, माझ्यात बसलेल्या तिच्या मुलाकडे बघितलं. मग विचारलं, "सख्खी?"

"एवढी एकच आहे," आई म्हणाली.

साहेबांनी टेबलावरचा फोन उचलला आणि डोंगरावरच्या तुकडीचा नंबर मागितला. बराच वेळ ते फक्त "हो, खेचरच" आणि "नाही, मी पूर्ण शुद्धीत आहे" असं म्हणत होते. शेवटी म्हणाले, "ओझं घेत नाही ना? मग वर ठेवून करता काय? उतरवा खाली." आणि फोन ठेवला.

खेचरवाला माझ्यातून उठला. ह्या वेळी त्याने मला धरलं नाही.

मित्रांनो, इथे माझी थोडी अडचण होते आहे, कारण पुढे काही घडलेलंच नाही, असं मी तुम्हाला सांगून बसले आहे. तरीही, समजा घडलं असतं, तर असं घडलं असतं. त्याने गणवेश घातला असता. सगळे त्याला पोचवायला कॉरिडॉरमध्ये आले असते. रेडिओवाल्याच्या जबड्याच्या तारा नुकत्याच काढलेल्या असत्या आणि तो पहिल्यांदाच तोंडाने एक विनोद सांगता झाला असता, आणि तो कोणालाही कळला नसता. आई म्हणाली असती, "दर पंधरा दिवसांनी घरी यायचं. आणि येताना तिला आणू नकोस, अंगणात जागा नाही. बरं, आण एकदा." मग खेचरवाला माझ्याजवळ थांबला असता, वाकला असता आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला असता, "येतो हं, मावशी."

"ये रे बाळा," मावशी म्हणाल्या. त्या माझ्या मागेच उभ्या होत्या.

मला बोलता येत नाही. त्यामुळे ते 'येतो' त्यांनी घेतलं. ते नक्की कोणासाठी होतं, यावर मी अजून विचार करते आहे. आपल्या भाषेत जाणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. लोक म्हणतात, ती बोलायची पद्धत आहे. मी मात्र लोखंडाची आहे. मला सांगितलेलं मी सांगितलं तसंच धरते.

सध्या मला जिन्याखाली ठेवलं आहे. माझ्यावर धुवायच्या चादरी टाकतात. चादरींना वजन असतं, पण त्या पुढे झुकत नाहीत आणि मागे रेलत नाहीत. तुम्ही कधी रुग्णालयात आलात, तर जिन्याखाली डोकावून बघा. एखादी खुर्ची दिसली तर तिच्या चाकांना थोडं तेल घाला. तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालू नका. ती एका बाजूला ओढत असेल तर चिडू नका. त्या बाजूला जाऊन उभे राहा. आणि तुमच्या घरातलं कोणी त्या खुर्चीतून उठून चालू लागलं, तर टाळ्या जरूर वाजवा. फक्त त्यातली एखादी जरा खाली, खुर्चीच्या उंचीवर वाजवा.

एक विनंती राहिली आहे. ती रीतसर करते.

प्रति, मा. प्रमुख अधिकारी, खेचर विभाग. विषय: खेचर या पदावर बदली मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती करण्यात येते की, अर्जदार हिची व्हीलचेअर या पदावरील प्रदीर्घ सेवा विचारात घेऊन तिची नेमणूक तळावरील तबेल्यात, सध्या तेथे कार्यरत असलेल्या मावशीच्या शेजारी करण्यात यावी. अर्जदारास चारा लागत नाही, मात्र तो हाताने भरवल्यास ती नाकारणार नाही. अर्जदार लाथ मारत नाही. आवश्यक असल्यास प्रशिक्षणास तयार आहे. सदर पदासाठी आई घोडी व वडील गाढव असणे बंधनकारक आहे, याची अर्जदारास जाणीव असून त्या अटीतून तिला खास बाब म्हणून सूट द्यावी. सदर विनंती नियमात बसत नाही, असे आपल्याकडून कळवण्यात येईल, हेही अर्जदारास ठाऊक आहे. तरी कृपया तो नियम एकदा इकडे जिन्याखाली पाठवून द्यावा. अर्जदाराने आजवर ज्यांना ज्यांना उभे राहता येत नव्हते, त्या सर्वांना बसवून घेतले आहे. त्यालाही घेईल.